लग्नाला पाने किती?
(एका गावच्या प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय लग्नाचा आहे. स्थळ कसे पाहावे, हुंडा का देऊ नये, यावर आपण मागे बोललो. आज फक्त एकच गोष्ट पाहू. लग्नाला माणसे किती येणार, ती बसणार कुठे, आणि त्यांच्यासाठी मांडव, खुर्च्या, टेबले भाड्याने किती आणायची?

तुम्ही म्हणाल, "यात शिकायचं काय? मांडववाला सांगेल तेवढं आणायचं." तिथेच पैसे जातात. मांडववाल्याचा धंदा आहे. तो जास्तच सांगणार. त्यात त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण घर आपले, मुलगी आपली आणि पैसेही आपले. मग आकडा आपणच सांगायला हवा. आणि आकडा सांगायचा तर आधी मोजायला हवे.

सांगोल्याकडच्या एका गावी आमचा वर्ग चालत होता. वर्गाला एक मावशी येत. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले. घरात बैठक बसली. मुलीचे वडील, चुलते, मामा, सगळे जमले. मांडववाल्यालाही बोलावले होते. त्याने विचारले, "माणसं किती?" मुलीचे चुलते लगेच म्हणाले, "हजार धर."

हजार कुठून आले? कुणी मोजले होते का? नाही. मागच्या वर्षी भावकीतल्या एकाच्या लग्नाला हजार माणूस झाले, असे गावात बोलत होते. मग आपल्याकडे कमी कसे चालेल? म्हणून हजार.

मांडववाल्याने वहीवर लिहिले. मांडव शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद. खुर्च्या 500. टेबले 34. त्या गावचा भाव असा होता : मांडव चौरस फुटाला 8 रुपये, खुर्ची 10 रुपये, टेबल 60 रुपये. तुमच्या गावी भाव वेगळा असेल. आपल्याला रीत पाहायची आहे.

शंभर गुणिले चाळीस म्हणजे 4,000 चौरस फूट. त्याचे 32,000 रुपये. खुर्च्यांचे 5,000. टेबलांचे 2,040. सगळे मिळून 39,040 रुपये झाले. घरात या कामासाठी होते 19,000. म्हणजे वरचे वीस हजार सावकाराकडून काढायचे ठरले. व्याज शेकडा तीन, दरमहा. वीस हजारांना महिन्याला 600 रुपये. वर्षाला 7,200. मुद्दल तसेच उभे.

मावशी दाराआड बसून ऐकत होत्या. बैठकीत बोलायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गाला आल्या, त्या वही उघडीनात. आम्ही विचारले, "काय झालं, मावशी?" तेव्हा त्यांनी हे सगळे सांगितले. मग म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या लेकीच्या लग्नाला हजार माणूस येईल का हो?"

आम्ही म्हणालो, "आम्हांला काय माहीत? तुम्हीच मोजा."

त्या रात्री वर्गात धडा झालाच नाही. यादी झाली.

यादी करायची म्हणजे पत्रिका मोजायच्या नाहीत. डोकी मोजायची. एका पत्रिकेवर एक माणूस येतो, तसे नऊही येतात. आपल्याकडे आमंत्रणाच्या दोन तऱ्हा आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एक चूलबंद. त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचे. दुसरे घरटी एक. या दोन्ही घरांची यादी वेगळी करा. एकत्र केली की हिशोब बिघडलाच.

मावशींनी चूलबंदाची वीस घरे लिहिली. घरांची नावे त्यांनी स्वतः लिहिली, थोडी वाकडी, पण वाचता येतील अशी. प्रत्येक नावापुढे माणसांचा आकडा घातला. कुठे तीन, कुठे नऊ. बेरीज आली 104. घरटी एकची घरे 110. म्हणजे माणसे 110. पण बाई येते तेव्हा कडेवर एक असते आणि बोटाला धरून एक येते. तेही जेवते. त्याची म्हणून 40 मुले धरली. बाहेरगावचे सोयरे 85. हा आकडा अंदाजाने लिहिला नाही. हल्ली घरोघर मोबाइल आहे. लग्नाआधी आठ दिवस फोन करायचा आणि सरळ विचारायचे, "किती जण येताय? मुक्कामाला का जेवून जाणार?" यात लाजायचे काही कारण नाही. विचारले की सोयऱ्याला उलट बरे वाटते, आपली वाट पाहताहेत असे.

वऱ्हाडाचा आकडा व्याह्यांना विचारायचा. मुलीकडची माणसे इथे फार कचरतात. "व्याह्यांना कसं विचारायचं? राग आला तर?" असे म्हणतात. मग वऱ्हाड दीडशेचे येते, पाने शंभर असतात, आणि खरा राग तेव्हा येतो. आम्ही एका गावी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला. तिथे काटकसर म्हणून तीनशे माणसे धरली होती. आली पाचशे. वऱ्हाडातली म्हातारी माणसे दुपारी अडीच वाजता उन्हात उभी होती. बसायला खुर्ची नाही, पंगतीत जागा नाही. नवरदेवाचे मामा रुसले ते गाडीतच जाऊन बसले. मुलीचा बाप सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता. तेव्हा कमी मोजणे हीही काटकसर नाही, हे लक्षात ठेवा. मावशींच्या व्याह्यांनी सांगितले 120. तेवढे लिहिले.

आता राहिले काम करणारे. आचारी, वाढपी, वाजंत्री, भटजी, गाड्यांचे ड्रायव्हर. हे लोक यादीत कधीच नसतात, आणि जेवतात मात्र सगळे. जेवायलाच हवेत. ते 25 धरले.

बेरीज करा. 104 आणि 110, झाले 214. अधिक 40, झाले 254. अधिक 85, झाले 339. अधिक 120, झाले 459. अधिक 25, झाले 484.

मावशींनी 484 लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि थांबल्या. मग त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची जाऊ म्हणाली, "आक्का, आणि आपण कुठं जेवायचं?"

वर्गात हसू फुटले. पण गोष्ट खरी होती. घरची 16 माणसे यादीत नव्हतीच. बहुतेक घरांत असेच होते. घरातल्या बाया शेवटी बसतात, कढईच्या तळाला राहिले असेल ते खातात, म्हणून त्यांना मोजायचे कुणाला सुचत नाही. मोजले नाही म्हणून उरत नाही, आणि उरत नाही म्हणून त्या उपाशी राहतात. तुम्ही यादी कराल तेव्हा घरची माणसे पहिल्या ओळीत लिहा. 484 आणि 16, बरोबर 500 झाले.

हजाराचे पाचशे झाले. एकही घर वगळले नाही, एकही सोयरा तोडला नाही. फक्त मोजले.

आता ही पाचशे माणसे बसवायची कशी, ते पाहू.

जमिनीवर पंगतीत एका माणसाला मांडी घालून बसायला दोन फूट रुंदी लागते. म्हणजे पन्नास फुटांच्या एका ओळीत 25 माणसे बसतात. दोन ओळी समोरासमोर बसवायच्या आणि मधून वाढपी जाणार. माणूस आणि त्याच्या पुढचे पान याला तीन फूट धरा. वाढप्याच्या वाटेला चार फूट हवेत. एक जण भाताची परात घेऊन जातो, समोरून दुसरा आमटीची बादली घेऊन येतो. त्यांची टक्कर होता कामा नये. तीन, चार आणि तीन, झाले दहा फूट. अशा जोडओळी तीन घेतल्या, तर तीस फूट झाले. दोन जोड्यांच्या मधे पाठीमागून जायला दोन-दोन फूट सोडा, ते चार. दोन्ही कडांना एक-एक फूट. झाले 36 फूट. लांबीला पन्नास फुटांच्या ओळी, आणि दोन्ही टोकांना पाच-पाच फूट मोकळे. म्हणजे मांडव साठ फूट लांब, छत्तीस फूट रुंद. त्यात सहा ओळी, एका वेळी 150 माणसे.

हे कागदावर कळत नसेल तर अंगणात दोरी टाकून पाहा. आम्ही वर्गात तसेच केले. दहा जणांना खाली बसवले आणि दोरी लावली. बरोबर वीस फूट भरले. एक आजोबा जरा ऐसपैस होते, पण शेजारी एक पोरगा बसला, त्यामुळे जुळले.

आता टेबलांचे. हल्ली टेबल-खुर्चीवर जेवायची रीत आली आहे. काही ठिकाणी ताट हातात घेऊन उभ्याने जेवतात. आम्हांला स्वतःला ते बरे वाटत नाही, पण ज्याची त्याची आवड. टेबल मात्र काही जणांना खरोखरच हवे असते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना खाली बसून उठता येत नाही, त्यांना. मावशींनी यादीत अशा नावांवर फुली मारली. मुलांच्या हट्टाची दहा-बारा धरून एका वेळी तीस जागा पुरतील असे दिसले.

भाड्याचे टेबल साधारण सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद येते. एका बाजूला तीन माणसे बसतात, दोन्ही बाजूंना मिळून सहा. मांडववाला एकाच बाजूला माणसे बसवायचा हिशोब करतो. समोरून वाढायला सोपे जाते, हे खरे. पण तीस माणसांना मग दहा टेबले लागतात. दोन्ही बाजूंना बसवली तर पाचच लागतात. वाढप्याने पाठीमागून वाढायचे. म्हणून टेबले सांगताना पहिला प्रश्न हाच विचारा, "एका बाजूनं का दोन्ही बाजूंनी?" मावशींनी पाच टेबले सांगितली आणि ती शाळेच्या व्हरांड्यात मांडली. शाळेची परवानगी आधी काढली होती. तिथे छप्पर होतेच, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा मांडव लागला नाही.

मांडवात 150 आणि व्हरांड्यात 30, एका वेळी 180 पाने. पाचशेला 180 ने भागा. दोन पंगती होऊन 140 माणसे उरतात. म्हणजे पंगती तीन. भागाकारात बाकी उरली की पुढचा आकडा धरायचा. उरलेल्या माणसांना आपण उपाशी पाठवत नाही.

एका पंगतीला पाऊण तास लागतो. पाने मांडणे, वाढणे, जेवणे, उठणे, उष्टी काढून जागा झाडणे, सगळे धरून. पहिली पंगत एक वाजता बसली, तर दुसरी पावणेदोनला, तिसरी अडीचला. सव्वातीनला सगळे मोकळे. पाहुण्यांना परतीची एस. टी. मिळते. मांडव अजून लहान घेतला असता तर भाडे वाचले असते. पण शंभरच पाने मांडली तर पंगती पाच होतात, आणि पाचवी पंगत चार वाजता बसते. त्या पाचव्या पंगतीत कोण असते, हे तुम्हांला सांगायला नको.

खुर्च्यांचा हिशोब वेगळा आहे. खुर्च्या लग्न लागतानाच्या वेळेसाठी. पाचशे माणसांना पाचशे खुर्च्या लागत नाहीत. आचारी चुलीपाशी असतात, पोरे पळत असतात, काही माणसे जेवणाच्या वेळेलाच येतात. अशी शंभर वजा करा. उरली चारशे. बायका आणि मुले पुष्कळशी सतरंजीवर बसतात. बारा फूट बाय नऊ फुटांच्या सतरंजीवर वीस माणसे नीट बसतात. दहा सतरंज्यांवर दोनशे. या सतरंज्या विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळाकडून मिळाल्या, भाडे नाही. राहिली दोनशे माणसे, त्यांना 200 खुर्च्या. शंभर मांडवात आणि शंभर मांडवाच्या कडेला लिंबाच्या सावलीत. लग्न लागले की मांडवातल्या खुर्च्या, सतरंज्या उचलायच्या आणि पंगतीच्या पट्ट्या अंथरायच्या. त्यांतल्या तीस खुर्च्या व्हरांड्यातल्या टेबलांना जातात. बाकीच्या सावलीत, पुढच्या पंगतीसाठी थांबलेल्या माणसांना. खुर्च्या उचलायला चार पोरे आधी सांगून ठेवा. ऐन वेळी कुणी हात लावत नाही.

पाने मात्र डोक्याला एक याप्रमाणे घ्या आणि वर दहावा हिस्सा जास्त. पाचशेला साडेपाचशे पत्रावळी. पळसाच्या मिळाल्या तर उत्तम. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर 2018 सालापासून आपल्या राज्यात बंदी आहे. दुकानदार हळूच देत असला तरी घेऊ नका. ती गावाबाहेर पडतात आणि गुरे खातात. पेले दीडपट असले म्हणजे पुरे. एकशे ऐंशी पानांना 270 पेले. एक पंगत जेवते तोवर मागचे धुऊन होतात.

आता पुन्हा भाडे काढू. मांडव साठ गुणिले छत्तीस, 2,160 चौरस फूट. आठ रुपयांनी 17,280. खुर्च्या 200, त्यांचे 2,000. टेबले पाच, त्यांचे 300. एकूण 19,580 रुपये.

आधीचा आकडा आठवतो? 39,040. वाचले 19,460. सावकाराकडून वीस हजार काढायचे होते. आता कमी पडत होते पाचशे ऐंशी. ते मावशींनी बचत गटातून घेतले.

हे इतके सोपे झाले नाही, हेही सांगायला हवे. मावशींनी ती वही घरी नेली, तेव्हा मुलीचे चुलते रागावले. म्हणाले, "लोक काय म्हणतील? भावकीत हजार माणूस झालं, आपल्याकडं पाचशे?" त्यांचा राग आम्ही समजू शकतो. मुलीचे लग्न एकदाच होते. पाहुणा उभा राहिला तर ती गोष्ट वीस वर्षे सांगितली जाते. माणूस कर्ज काढतो ते चैनीसाठी नव्हे, या भीतीपोटी काढतो.

मावशी त्यांना उलट बोलल्या नाहीत. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "भावजी, यातलं कुणाचं नाव राहिलंय का तेवढं बघा." चुलत्यांनी नाव न् नाव वाचले. वाचून झाल्यावर म्हणाले, "गिरणीवाल्याचं घर राहिलंय." ते एक घर घातले. घरटी एक होते, एक माणूस वाढले. हजाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

गाडगेबाबा 1956 साली गेले. कर्ज काढून लग्न करू नका, हे ते गावोगावच्या कीर्तनांत सांगत असत. लोक ऐकत, रडत, आणि घरी जाऊन कर्ज काढत. मग 2020 सालच्या करोनाच्या साथीत सरकारनेच हुकूम काढला, लग्नाला पन्नासच माणसे. त्या वर्षी लागलेली लग्ने काही मोडली नाहीत. तरी साथ ओसरली तसे मांडव पुन्हा वाढले. माणसाला पाहुणे हवे असतात, त्यात वाईट काही नाही. पन्नासच बोलवा असे आम्ही म्हणत नाही. पाचशे बोलवा, पण पाचशेच आहेत हे माहीत असू द्या.

आकडा बदलतो, हेही ध्यानात ठेवा. एकाच तिथीला गावात तीन लग्ने असली तर माणसे वाटली जातात. पेरणी तोंडावर असली, ऊसतोडीला माणसे गेलेली असली, तर कमी येतात. लग्न बाजाराच्या दिवशी असेल तर येणारा-जाणारा वाढतो. मांडववाल्याला पक्का आकडा आठ दिवस आधी द्या आणि ऐन वेळी वीस-पंचवीस खुर्च्या लागल्या तर मिळतील का, ते विचारून ठेवा.

आणखी दोन-तीन गोष्टी ठरवताना बोलून घ्या. भाड्याचा दिवस कधी सुरू होतो? हळद आदल्या दिवशी असते. सामान आदल्या संध्याकाळी आले तर दोन दिवसांचे भाडे लावणार का? टेम्पोचे भाडे यात आहे का वेगळे? सामान उतरवणार कोण? मोडतोड झाली तर खुर्चीला किती भरायचे? अनामत किती, आणि परत कधी? हे सगळे पावतीवर लिहून घ्या. लिहिलेले आपल्याला वाचता येते आता.

मावशींच्या घरी टेम्पो आदल्या संध्याकाळी आला. घरात हळदीची गडबड. बरोबरचा पोरगा म्हणाला, "मावशी, दोनशे खुर्च्या उतरवल्या, इथं सही करा." मावशी हळदीच्या हातानेच बाहेर आल्या. खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत लावायला सांगितल्या. एकोणीस थप्प्या झाल्या आणि वर चार. म्हणजे 194. पोरगा म्हणाला, "असतील दोनशेच, मालकांनी मोजल्यात." मावशींनी पावतीवरच्या 200 वर रेघ मारली, शेजारी 194 लिहिले, त्याची सही घेतली आणि मग आपली केली. पावतीवर हळदीचे बोट उमटले.

लग्न झाले. कुणी उभे राहिले नाही. घरातल्या बायका तिसऱ्या पंगतीत पानावर बसून जेवल्या.

दुसऱ्या दिवशी मांडववाला सामान न्यायला आला. खुर्च्या मोजल्या, 193 भरल्या. तो म्हणाला, "सात कमी आहेत. अनामतीतून कापावे लागतील." मावशींनी आतून पावती आणून त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, हळदीचा डाग पाहिला, पोराची सही पाहिली. मग म्हणाला, "बरं, भाडं एकशे चौऱ्याण्णवचंच धरू." साठ रुपये कमी झाले.

"पण मग एक तरी कमी आहेच की," तो म्हणाला.

ती एक शोधायला पोरे धावली. शेजारच्या ओसरीवर सापडली. तिच्यावर आजोबा बसले होते, आणि उठायला तयार नव्हते.